धूळपाटी ते प्रिंटर

‘गिरवणे’ हे क्रियापद हल्ली फारसे कानावर पडत नाही. अमक्या पुढाऱ्याने तमक्या पुढाऱ्याचा कित्ता गिरवला असे वर्तमानपत्रात छापून येते, तेवढ्यापुरतेच ते उरले आहे. आमच्या लहानपणी मात्र गिरवणे हा रोजचा उद्योग होता. गुरुजींनी किंवा आईने पाटीवर एक ठसठशीत अक्षर काढून द्यायचे आणि आपण त्याच्यावरून पेन्सिल फिरवत राहायचे. फिरवता फिरवता ते अक्षर इतके लठ्ठ व्हायचे की मुळात ग होता की म हे कळेनासे व्हायचे. मग पुसायचे, पुन्हा काढून घ्यायचे. कित्ता म्हणजे तो नमुना. शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की आता तो परका वाटतच नाही.

हा विषय डोक्यात घोळायला घरचेच कारण घडले. माझा मुलगा आणि सून ठाण्याला घोडबंदर रोडला राहतात. नात सव्वाचार वर्षांची आहे. तिला त्यांनी नर्सरीत घातले नाही, ज्युनिअर केजीतही घातले नाही. तीन तासांच्या शाळेसाठी एवढ्याशा पोरीने जाऊन-येऊन तास-दीड तास बसमध्ये, त्या घोडबंदर रोडच्या गर्दीत काढायचा, हे सुनेला पटेना. फीचा आकडा ऐकून तर मलाही पटले नाही! तेव्हा पहिलीपर्यंत घरीच शिकवायचे असे दोघांनी ठरवले. सुनेने नोकरी अर्धवेळाची करून घेतली. रोज सकाळी नाश्ता झाला की प्रिंटरमधून एक पान निघते. वर नागमोडी रेघ, मध्ये ठिपक्याठिपक्यांचे एक अक्षर पाच वेळा, खाली एक आकडा आणि तितकी फुले किंवा मासे मोजायला. पान पुरे झाले की त्यावर तारीख पडते, चांदणी चिकटते आणि ते फाईलमध्ये जाते. आतापर्यंत दोन फायली भरल्या, तिसरी चालू आहे.

आमच्या नातेवाइकांत यावरून दोन तट पडले आहेत, हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊकच आहे. एका भावोजींनी तर हे बेकायदेशीर नाही ना, अशी शंका काढली. त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकारने सोय करण्याचा प्रयत्न करावा एवढेच त्यात म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायात धरला हे खरे, पण चार वर्षांच्या मुलीला घरी ठेवले म्हणून कुणी दारात पोलीस पाठवणार नाही.

सुनेचा प्रश्न वेगळा होता. “आई, तुम्ही पहिलीचे वर्ग घेतलेत. रोज एक पान हे बरोबर की चूक, एवढंच सांगा.” मी डोंबिवलीत पस्तीस वर्षे शिक्षिका होते, त्यातली नऊ पहिलीच्या वर्गावर. तरी या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईना. म्हणून म्हटले, जरा मागे जाऊन पाहू. आपल्याकडे लहान मुलांना काय, कशावर आणि कशासाठी गिरवायला लावत आले आहेत?

पहिली गोष्ट म्हणजे घरी शिकणे ही काही अमेरिकेतून आलेली टूम नाही. शाळेत जाण्याआधीचे शिक्षण घरातच व्हायचे. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभं करोति म्हणायचे आणि मग परवचा. पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रे, सगळे तोंडाने, एकासुरात. आम्हा भावंडांना पावकी, निमकी, पाऊणकीपर्यंत म्हणायला लावायचे. मोठा भाऊ तर सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीपर्यंत पोचला होता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावे लागते. तो केवळ पाठांतराचा छळ नव्हता. रुपयाचे सोळा आणे आणि शेराची सोळा छटाके असताना पाव-अर्ध्याचा हिशेब तोंडी येणे ही वाण्याकडे जाणाऱ्याची गरज होती. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. मी तेव्हा दुसरीला जाण्याच्या बेतात होते. पुढच्या काही वर्षांत किलो-मीटरही आले आणि धाकट्या बहिणीच्या अंकलिपीतून हे पाढे हळूच गळाले. कुणी परिपत्रक काढले असेल-नसेल, पण बाजाराला त्यांची गरज उरली नाही हे खरे कारण. मुलांच्या अभ्यासात काय असावे हे पुष्कळदा शाळेबाहेरच ठरते.

घरच्या शाळेचे गोडवे गाताना मात्र आमच्या कल्याणची आठवण ठेवावी लागते. डॉ. आनंदीबाई जोशी जन्मल्या कल्याणला, ३१ मार्च १८६५ रोजी. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले ते गोपाळराव जोश्यांशी, जे तेव्हा कल्याणच्या पोस्टात कारकून होते आणि बायकोला शिकवायचेच या हट्टाने पेटलेले होते. १८७० च्या दशकात बायकोला रोज धडा देणारा नवरा म्हणजे गावाला तमाशाच. त्या घरच्या शाळेतून पुढे काय झाले हे सगळ्यांना माहीत आहे. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीने निघाली, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत, पुण्यात क्षयाने गेली. पण त्या रोजच्या धड्याची दुसरी बाजूही तिनेच लिहून ठेवली आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात ती दहाव्या-बाराव्या वर्षी खाल्लेला लाकडाचा मार आणि अंगावर भिरकावलेली पुस्तके विसरलेली नाही. शाळेत मास्तर मारतो तेव्हा निदान घंटा तरी होते. घरात घंटा नसते. घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते. आमच्या सुनेने अजून आवाजही चढवलेला मी ऐकलेला नाही, हेही इथे सांगायला हवे, नाहीतर गैरसमज व्हायचा.

आता गिरवण्याकडे येते.

पंतोजींच्या शाळा देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत भरत. लहान मूल पहिल्या दिवशी आले की त्याच्यापुढे धूळपाटी यायची. लाकडाची फळी, तिच्यावर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरलेली, आणि हातात काडी. कधी नुसते बोट. ‘ओनामासीधं’ म्हणजे मूळचे ‘ॐ नमः सिद्धम्’. त्यावरून ‘ओनामा’, तशीच ‘धुळाक्षरे’, तसाच ‘श्रीगणेशा’. आरंभाचे आपले निम्मे शब्द या पाटीवरून उठलेले आहेत. हात बसला की मग कागद आणि बोरू, आणि मोडीचा कित्ता. कागद महाग. तो पहिल्या दिवशी पोराच्या हाती देण्याची कुणाची छाती नव्हती. अक्षर मात्र नेटके हवे, याचा आग्रह जुना. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षराची गोलाई, ओळींमधले अंतर, शाई, कागद, बोरू, सगळ्याचा त्यात विचार आहे. मी मुलांना तो समजावून सांगायचे तेव्हा मुले चकित व्हायची, की रामदास स्वामींना आमच्या वहीची एवढी काळजी कशाला?

या धुळीची एक गंमत आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७९० च्या सुमारास मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा अधीक्षक होता. आपल्याकडची मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे काढतात हे त्याने पाहिले आणि आपल्या शाळेत तीच रीत सुरू केली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, हीही त्याच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट होती. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरच्या शाळेत शेकडो गरीब मुले वाळूच्या मेजावर ए-बी-सी गिरवू लागली. म्हणजे आपल्याकडची धूळपाटी विलायतेला गेली. त्यानंतर काही दशकांनी विलायती वळणाच्या शाळांबरोबर दगडी पाटी आपल्याकडे आली आणि तिने धूळपाटीला हुसकावले.

दगडी पाटीविषयी आमच्या पिढीने बोलायला लागावे आणि थांबू नये! लाकडी चौकट, वरच्या बाजूला तारेत ओवलेले रंगीत मणी, डबीतला ओला बोळा. डबी हरवली की थुंकी, आणि थुंकीने पाटी पुसली की सरस्वतीचा अपमान केला म्हणून पाठीत धपाटा. दसऱ्याला त्याच पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, तिला झेंडूचे फूल वाहायचे. त्या दिवशी अभ्यास नाही, कारण पाटी देव्हाऱ्यात. अजूनही डोंबिवलीत दसऱ्याच्या आधी पूजेपुरत्या छोट्या पाट्या विकायला येतात, आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर जातात. पेन्सिलीची दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण ज्या पाटीवरच्या पेन्सिली कुरतडल्या, त्या मोठ्या प्रमाणावर मध्य प्रदेशात मंदसौरला तयार होत. त्या दगडाची धूळ छातीत जाऊन तिथल्या कामगारांना सिलिकोसिस व्हायचा आणि कितीतरी जण ऐन तारुण्यात गेले. आमच्या ग-म-भ-नची ही किंमत भलत्याच कुणीतरी मोजली.

ग म भ न! हा क्रम कुठून आला असा प्रश्न अ आ इ ई शिकलेल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना पडतो. (मराठीतून टंकलेखन करणाऱ्या जुन्या मंडळींना ‘गमभन’ म्हटले की ती संगणकावरची सोय आठवेल. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) क ख ग घ हा उच्चारांचा क्रम आहे, ग म भ न हा हाताचा. ग ला एक वळण आणि एक काना. म ला तेच थोडे पुढे न्यायचे. भ, न त्याच घराण्यातले. ज्या कुणा शिक्षकांनी हे पहिल्यांदा लक्षात घेतले त्यांना मुलाचा हात दिसला होता. मी पहिलीला शिकवताना याच वाटेने जायचे, आणि ‘अ’पासून सुरुवात करणारे पालक भेटले की समजावून सांगता सांगता थकायचे. ‘अ’ हे चार वर्षांच्या हाताला फार अवघड अक्षर आहे.

मुलाचा हात पाहायचा, मुलाकडेच पाहायचे, हा विचार आपल्याकडे शास्त्र म्हणून आला तो विसाव्या शतकात. आणि गंमत म्हणजे तोही एका बापाच्या घरच्या काळजीतून. भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. मुलगा झाला, त्याला कसे शिकवावे या विवंचनेत असताना मादाम माँटेसरींचे विचार त्यांच्या हाती पडले. वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उभे राहिले. माँटेसरींनी स्वतःची पहिली शाळा रोममध्ये १९०७ साली गरीब वस्तीत काढली होती. तिथे त्या पॉलिश पेपरची अक्षरे पाट्यांवर चिकटवून मुलांना त्यावरून बोट फिरवायला द्यायच्या. बोटाला खरखर लागते, वळण हाताच्या लक्षात राहते. साच्यांच्या कडेने रेघा काढून हात तयार होतो, आणि मग एक दिवस चार-पाच वर्षांचे मूल कुणी न सांगता लिहू लागते. हे मी डी.एड.ला पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आले, अरे, ही तर आपली धूळपाटीच की! धुळीच्या जागी पॉलिश पेपर. फरक इतकाच की पंतोजीच्या हातात छडी होती.

गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक या आपल्या. जन्म १८९२, मुंबईचा. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, मग १९३६ ला दादरचे शिशुविहार. इथपर्यंत बालशिक्षण हे शहरातल्या, चार पैसे असलेल्या घरांसाठी होते. माँटेसरींची साधने महाग, सुतारकाम बारीक. ताराबाईंना ते डाचत होते. १९४५ साली त्या उठून बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात; १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये. घोलवड स्टेशनला उतरायचे, चिकूच्या वाड्यांतून समुद्राकडे जायचे. तिथे त्यांना पस्तिशीच्या अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. त्याच वर्षी, त्याच टापूत, गोदावरी परुळेकरांच्या बरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पाड्यावरच्या मुलाच्या दृष्टीने १९४५ हे साल केवढे असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकात कुणी केलेला मला दिसला नाही.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. ‘बालवाडी’ हा शब्दच तिथून रुळला. पण पाड्यावरची मुले येईनात. दिवसभर धाकट्या भावंडाला काखोटीला मारून हिंडणारी मुलगी शाळेत कशी येणार? मग या बायकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. त्या पाड्यावर जात, मुलांना अंघोळी घालत, नखे काढत, केस विंचरत, आणि मग तिथेच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. साधनांना पैसे नव्हते, तर शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने. मोजायला शिंपले, रंगांप्रमाणे लावायला पाने, ओवायला बिया. १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ ला भारत सरकारने देशभरातल्या तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या होत्या, त्यांना हे पाहायला मिळाले नाही. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

आम्ही काही शिक्षिका एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुद्दाम कोसबाडला गेलो होतो. सुट्टी असल्यामुळे मुले नव्हती, पण फडताळात डबे ओळीने मांडलेले होते. चिंचोके, गुंजा, शिंपले, निरनिराळ्या दाण्यांचे. आमच्यातली एक म्हणाली, “अगं, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे.” डोंबिवलीला परत आल्यावर मी वर्गात चिंचोक्यांचा डबा ठेवला, तो निवृत्त होईपर्यंत होता.

इकडे आमच्या डोंबिवलीत, ठाण्यात तेव्हा काय चालले होते? १९७०-८० च्या दशकात गावे फुगत होती. मुंबईत नोकरी, ठाण्या-डोंबिवलीत ब्लॉक, नवराबायको दोघेही आठ-बावीसला गाडीत. मुलांना कुठे ठेवायचे? पाळणाघरे निघाली आणि त्यांच्या शेजारीच तळमजल्याच्या खोल्यांत केजीचे वर्ग. यात वाईट काही नव्हते. त्या बायकांनी शेकडो घरे सावरली. पण इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवायचा तर मुलाला आधीच लिहिता यायला हवे, ही अट वरून खाली झिरपली. १९८६ साली माझ्या मुलाला आम्ही ठाण्यातल्या एका शाळेत नेले. वय साडेतीन. समोर तीन बाई, टेबलावर कागद. त्याला एकपासून वीसपर्यंत लिहायला सांगितले. सातापर्यंत लिहून त्याने सातालाच डोळे काढले आणि त्याचा पोपट केला. प्रवेश मिळाला नाही. पोपट चांगला होता, मी अजून सांगते.

पुढे या प्रकाराचा गवगवा झाला. राज्यसभेत १९८९ मध्ये आर. के. नारायण यांनी आपले पहिलेच भाषण मुलांच्या दप्तरावर केले, त्यातून यशपाल समिती, १९९३ चा अहवाल. आपल्या राज्यात राम जोशी समिती नेमली गेली आणि पाठोपाठ पूर्वप्राथमिक प्रवेशांविषयी १९९६ चा कायदा झाला: प्रवेशासाठी बालकाची परीक्षा-मुलाखत नको. २००९ च्या कायद्यातही प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई आहे. कागदावर सगळे झाले आहे. पहिलीच्या वर्गात मात्र मला दरवर्षी काही मुले भेटत, ज्यांना शंभरपर्यंत आकडे लिहिता यायचे पण पेन्सिल मुठीत धरलेली असायची, सुरीसारखी. शंभर चिंचोके पुढे टाकले तर त्यांतले सतरा वेगळे काढता यायचे नाहीत.

आता सुनेच्या पानांविषयी, कारण तिने विचारले आहे आणि ती हे वाचणार आहे.

मी दोन्ही फायली बसून चाळल्या. पहिली, अगदी मास्तरी खोड: नेटवरून उतरवलेल्या त्या पानांवरचे ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हे वळण पुन्हा एकदा पक्के केले आहे. पोरगी उद्या मराठी पुस्तक उघडेल तेव्हा तिला ते अक्षर अनोळखी वाटायला नको. हे दुरुस्त करणे सोपे आहे.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. धूळपाटी, दगडी पाटी, वाळू, पॉलिश पेपर या सगळ्यांत एक सारखेपणा आहे. त्यावर काही उरत नाही. हात फिरला, वळण हातात राहिले, पाटी कोरी. चुकलेला ग कुणी पाहिला नाही. कागदाच्या पानावर मात्र सगळे राहते. ११ जूनचा वाकडा म १२ जूनला पुन्हा दिसतो. नात परवा मला फाईल दाखवताना एक पान पटकन उलटायला बघत होती. मी विचारले तर म्हणाली, “ते नको आजी, त्यात चांदणी नाहीये.” सव्वाचार वर्षांच्या पोरीला आपले कुठले पान लपवायचे हे कळू लागले आहे. गिरवण्यात मला काही वाईट दिसत नाही, शेकडो वर्षे पोरे गिरवत आली. मला खटकते ती तारीख आणि ती चांदणी.

मग मी सुनेला विचारले, “पाने ठेवतेस कशाला? पाटीवर का नाही घेत?” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई, पाटी पुसली की काय दाखवू? माझी आई विचारते, ह्यांचे मामा विचारतात, खालच्या बायका विचारतात, काय शिकली म्हणून. नोकरी अर्धी केली आणि घरात बसून काय करते, हेही विचारतात. फाईल दाखवली की गप्प बसतात.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की ती फाईल नातीची नाहीच, सुनेची आहे. आणि ती भरायला लावणारे आपण सगळे आहोत. १९८६ साली टेबलामागे तीन बाई होत्या. आता त्या जागी आपला व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे.

तर सुनेला माझे उत्तर असे आहे. पान रोज नको, आठवड्यातून दोनदा पुष्कळ, आणि तेही तिने मागितले तर. त्यावर तारीख नको. बाकी दिवस परातीत रवा नाहीतर रांगोळी पसरून बोटाने. वाटाणे सोलणे, कणकेचे गोळे, फुले ओवणे, कपड्यांच्या घड्या, लिफ्टमधले आकडे, आणि गोष्टी मात्र भरपूर. संध्याकाळी परवचा म्हणायला मी फोनवर आहे. औटकी शिकवणार नाही, घाबरू नका. पॉलिश पेपरची अक्षरे कापायला मी घेतली आहेत, ग, म, भ झाले, न ला कागद पुरला नाही. डोंबिवलीला हार्डवेअरच्या दुकानात “काकू, भिंत घासायची आहे का?” म्हणून विचारले.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. गणपतीत सगळे ठाण्याला जमणार आहात, तेव्हा पोरीला “ए, शंभरपर्यंत लिहून दाखव बघू” असे कुणी म्हणू नका. सुनेला “शाळेत कधी घालणार” असेही विचारू नका. त्यापेक्षा तिला एखादी गोष्ट सांगा. भावोजींना भुताच्या छान येतात, सौम्य करून सांगाव्यात.

जाता जाता एक काम. आमच्या वडिलांच्या मोडी कित्त्याची एक वही होती, बोरूने लिहिलेली, कडेला तेलाचे डाग पडलेली. कल्याणचे जुने घर आवरताना ती कुणाच्या तरी ट्रंकेत गेली आहे. मोठ्या वहिनींकडे असावी असा माझा अंदाज आहे. कुणाला सापडली तर पोस्टाने पाठवू नका, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.